मासा आजारी पडलाय? आधी सांगा, नळाला पाणी कधी आलतं

"काका, मासे वर येऊन तोंड उघडायलेत. कोणतं औषध टाकू?"

दर उन्हाळ्यात मला असे फोन येतात. लातुरात ओळखीपाळखीत मासे पाळणारा जुना माणूस म्हणून माझंच नाव पुढं होतं, त्याला इलाज नाही. मी औषधाचं नाव सांगत नाही. उलट विचारतो, नळाला पाणी कधी आलतं?

"कालच की. आठ दिवसांनी आलं, म्हणून म्हटलं टाकी एकदाची धुऊन घ्यावी."

सगळं पाणी बदललं?

"सगळं. खडेसुद्धा घासून घेतले."

निदान तिथंच होतं. मासे आजारी नाहीत, भाजलेत. नळाच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा आपल्याकडचा निकष आहे, आणि माशाच्या कल्ल्यांना त्याच्या निम्म्यानंही त्रास होतो. टँकरच्या पाण्यात कुणी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर अंदाजानं ओतली असेल तर बोलायलाच नको. म्हणजे जे पाणी आपल्याला बिनधोक, ते माशाला तसंच्या तसं चालत नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर चिकट थर असतो ना, त्यातले जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंचसं निरुपद्रवी. ही फौज उभी राहायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. नळाखाली खडे घासले की ती दहा मिनिटांत गटारात जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, फक्त मासे तेवढेच असतात.

पुण्या-मुंबईकडचे लोक दर आठवड्याला थोडं पाणी बदला म्हणतात. आपल्याकडं पाणीच आठ-दहा दिवसांनी येतं, त्यामुळं ते आलं की सगळं बदलायची घाई होते. मराठवाड्यातले निम्मे मासे मला वाटतं रोगानं मरत नाहीत, या घाईनं मरतात.

पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं

खाणं बंद. टाकीचा दिवा बंद. हवेचा पंप फुल्ल. दुकानात पळू नका आणि घरात पडलेली निळी-पिवळी बाटली तर मुळीच ओतू नका. दोन दिवस उपाशी राहून मोठा मासा मरत नाही, चुकीच्या औषधानं मरतो.

मग खुर्ची ओढून टाकीसमोर दहा मिनिटं बसा. मोबाइल बाजूला ठेवा. पहिलं बघायचं ते एवढंच: एक मासा आजारी आहे की सगळे? काल चांगले असलेले सगळे मासे एकदम धापा टाकायला लागले, तर तो पाण्याचा दोष. क्लोरीन, अमोनिया, ऑक्सिजन किंवा तापमान यांपैकी काहीतरी. आधी एक सुस्तावला, तीन दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असं झालं तर तो रोग. एकच मासा बिघडला आणि बाकीचे मजेत, तर जखम, म्हातारपण, अपचन किंवा शेजाऱ्याची मारामारी. या एका प्रश्नानं अर्धं काम होतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा. फायटर आणि गुरामी अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतातच, त्यांना तसा जादा अवयव असतो. त्यांच्यासाठी घाबरून जाऊ नका. गोल्डफिश, मॉली, टेट्रा पृष्ठभागाला चिकटून राहिले तर मात्र लगेच उठा.

पाणी तपासा आणि थोडंच बदला

अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) यांचं थेंबांचं किट घ्या. औषधाच्या चार बाटल्यांपेक्षा ते स्वस्त पडतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तेच, आणि बऱ्याचदा त्याचा पीएच ८ च्या आसपास असतो. तिथं एक गोम आहे. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, तो पीएच ७ पेक्षा ८ ला साधारण दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणून किटवरचा ज्या आकड्याचा रंग मऊ पाण्यात चालून जातो, तोच आकडा मे महिन्यात बोअरच्या पाण्यात मासे मारतो. नायट्राइट वाढलं तर कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात आणि भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो.

आकडा वाईट आला तर चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा पाणी बदला, जास्त नाही. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. त्यासाठी घरात एक झाकणाचा ड्रम फक्त माशांसाठी ठेवा. नळ आला की आधी तो भरायचा, आत हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला असतो तो) सोडायचा आणि २४ तासांनी पाणी वापरायचं, क्लोरीन उडून जातं. थांबायला वेळ नसेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन टाका. मुळात ते सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचं हायपो. नवं पाणी टाकीत ओतण्याआधी दोन्हीकडं हात घालून बघा, गार-गरम फरक लागता कामा नये.

जारच्या आरओ पाण्यानं टाकी भरायचा मोह होतो. नका करू. त्यात क्षार जवळपास नसतात, पीएच धरून ठेवायला काही उरत नाही आणि तो अचानक घसरतो. बोअरचं पाणी फारच जड असेल तर थोडं आरओ मिसळायला हरकत नाही, पण प्रमाण दर वेळी तेच ठेवा. मासा जड पाण्याला सरावतो, रोज बदलणाऱ्या पाण्याला नाही.

काढलेलं पाणी फेकू नका, मीठ-औषध नसेल तर कुंड्यांना आणि तुळशीला घाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या दिवसांत मला माझ्या टाकीकडं बघायचीसुद्धा लाज वाटायची. चार टाक्यांची एक केली, मासे वाटून टाकले आणि तेव्हापासून टाकीतला थेंब अन् थेंब झाडांना जातो.

आता मासा जवळून बघा

पाण्याचे आकडे ठीक आहेत आणि तरीही मासा बिघडलाय, तरच रोगाकडं वळायचं. अंधारात बाजूनं टॉर्च मारून बघा, दिवसा न दिसणारं दिसतं. पर मिटून घेतलेत का? खड्यांवर अंग घासतोय का? विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय का? कल्ले किती भरभर हलतात, तेही शेजारच्या निरोगी माशाशी ताडून बघा.

अंगावर, परांवर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तर तो इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. नवख्याला सगळ्यात आधी हाच भेटतो, म्हणून तो नीट समजून घ्या. हा एकपेशीय परजीवी. माशाच्या कातडीखाली बसून तो खातो, फुगतो, मग गळून तळाशी जातो. तिथं कवचात त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले की औषध बंद करणारा माणूस आठवड्याभरात पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभा असतो, आणि या खेपेला ठिपके दुप्पट.

इकवर माझा पहिला उपाय ऊब आणि मीठ. हीटरनं पाणी दर काही तासांनी एकेक अंश वाढवत ३० अंशांवर न्या. उबेनं परजीवीचं चक्र भरभर फिरतं आणि पोहणारी पिल्लं लवकर तावडीत सापडतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा हवा दुप्पट करा. मिठासाठी आधी टाकीचं माप काढा: लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा. दोन फुटी नेहमीची टाकी ६० बाय ३०, पाणी २७ पर्यंत, म्हणजे ४८.६ लिटर. खड्यांची जागा वजा करून ४५ धरा. लिटरला २ ग्रॅमनं ९० ग्रॅम मीठ झालं. किराणा दुकानातलं साधं खडे मीठ घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, तीन वाटे करा आणि बारा-बारा तासांनी एकेक वाटा मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून ओता. खडा थेट टाकीत टाकला आणि मासा त्यावर बसला तर कातडी भाजते. रोज नाही तरी दिवसाआड तळ सायफननं ओढून काढा, कवचं तिथंच असतात. १० लिटर पाणी काढलं तर नव्या १० लिटरमध्ये २० ग्रॅमच मीठ टाकायचं, पुन्हा ९० नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, त्यामुळं नुसती पातळी भरायची असेल तर मीठ अजिबात नको. शेवटचा ठिपका गेल्यावरही चार-पाच दिवस उपचार चालू ठेवा, एकंदरीत दहा-बारा दिवस धरा.

कोरीडोरास, लोच अशा बिनखवल्यांच्या किंवा नाजूक माशांना मीठ निम्मंच. टाकीत झाडं असतील तर काळजी घ्या, मिठानं त्यातली काही मरतात. मॅलॅकाइट ग्रीनचं औषध वापरायचंच झालं तर या माशांना तेही निम्मं, हातमोजे घालून, आणि फिल्टरमधला कोळसा काढून, नाहीतर तो औषध शोषून घेतो.

ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी-पिवळी पूड उडवल्यासारखं, तेही फक्त टॉर्चमध्ये दिसलं, तर तो व्हेल्वेट. त्यातही ऊब आणि मीठ उपयोगी पडतात, शिवाय टाकीवर जाड कापड टाकून अंधार करा. हा परजीवी प्रकाशावरही जगतो.

कापूस: दोन रोग, एकसारखं तोंड

इथं जुनी माणसंही फसतात, मीही फसलोय. जखमेवर किंवा खवला पडलेल्या जागी भुरकट, लांब तंतूंचा कापूस आला तर ती बुरशी. ती जखमेवरच बसते आणि सावकाश वाढते. वेगळ्या टबात मिथिलीन ब्ल्यू, बाटलीवरच्या मापानं, आणि स्वच्छ पाणी, एवढ्यानं ती आवरते. पण तोंडाभोवती आखूड पांढरा थर, पाठीवर खोगिरासारखा फिक्कट पट्टा, आणि सकाळी एक मासा तर संध्याकाळी तीन, असं झालं तर ती बुरशी नव्हे. तो कॉलमनॅरिस, जिवाणूचा रोग. त्याला ऊब मानवते. इक समजून हीटर वाढवलात तर तुम्हीच मासे मारता. उन्हाळ्यात टाकीत कापूस दिसला की मी आधी हाच समजून चालतो: पाणी शक्य तितकं गार करतो, हवा वाढवतो, आजारी मासे बाजूला काढतो.

औषधाच्या दुकानातल्या माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकीत टाकायची आपल्याकडं सवय आहे. माप कुणालाच माहीत नसतं, रोगाचे जिवाणू अर्धवट मरून चिवट होतात, फिल्टरचे मात्र बरोबर मरतात. जिवाणूचा रोग आहे असं वाटलं तर पशुवैद्यकाला विचारा. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, तिथंच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. माशाला कशाला डॉक्टर म्हणून लोक हसतात, हसू द्या. जाताना माशाचा उजेडातला व्हिडिओ, पाण्याचे आकडे आणि आतापर्यंत काय काय ओतलं ते खरं खरं लिहून न्या.

परांच्या कडा झिजून पांढरट झाल्या असतील तर तो फिन रॉट, आणि बहुतेक वेळा तो घाण पाण्याचाच निरोप. लिटरला १ ग्रॅम मीठ आणि पंधरा दिवस नियमानं थोडं थोडं पाणी बदलणं, एवढ्यानं कडेला पारदर्शक नवा पर फुटतो. पर मुळापर्यंत खाल्ला गेला किंवा रक्ताळला तरच पुढचं बघा.

ड्रॉप्सी ओळखायला मासा वरून बघा. पोट फुगलेलं आणि खवले उभे राहिलेले. बालाघाटातलं सीताफळ पिकलं की डोळे उघडतात ना, अगदी तसे. हा स्वतंत्र रोग नाही, आतली मूत्रपिंडं थकल्याची खूण आहे. मासा वेगळा काढा, इथं साधं मीठ नको, एप्सम सॉल्ट २० लिटरला एक छोटा चमचा. बरेचसे मासे तरीही वाचत नाहीत हे नवख्याला आधीच सांगितलेलं बरं. तडफड बघवेना झाली तर लवंगाचं तेल कोमट पाण्याच्या बाटलीत जोरात हलवून घ्या आणि लिटरला १० थेंब या हिशेबानं मासा असलेल्या छोट्या भांड्यात ओता. मासा गुंगीत जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास त्यातच राहू द्या. मेलेला असो की नकोसा झालेला जिवंत असो, मासा विहिरीत, तळ्यात सोडू नका. टाकीची काच चाटणारा तो सकरफिश असाच सोडलेला, आता देशभरच्या पाण्यात पसरलाय.

गोल्डफिश उलटा तरंगतोय, पण डोळे तरतरीत आहेत? खाणं जास्त झालंय. दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेल्या मटाराचं साल काढून चिमूटभर. गोल्डफिश आणि कोईच्या अंगातून हिरवट-पांढरा दोरा बाहेर आलेला दिसला तर तो अँकर वर्म. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्यानं बुडाशी पकडून सरळ ओढा. त्याची पिल्लं पाण्यात असतात, म्हणून टाकीवरही परजीवीचा उपचार लागतो आणि तो पुन्हा करावा लागतो.

दवाखाना: २० लिटरचा टब

साबण कधीच न लागलेला प्लॅस्टिकचा टब, एक स्पंज फिल्टर, थंडीत हीटर, लपायला मातीचं फुटकं बोळकं. खडे नकोत, झाडं नकोत. स्पंज नेहमी मोठ्या टाकीत भिजत ठेवा, म्हणजे गरज लागली की जिवाणूंसकट तयार. मी पहिल्या वर्षी हे काहीच केलं नव्हतं. दोन ठिपके बघून सगळ्या टाकीत निळं औषध ओतलं, ठिपके गेले, मी खुशीत. फिल्टरची फौजही गेली होती हे पाचव्या दिवशी कळलं, अमोनियानं अकरा मासे रांगेनं गेल्यावर. मिथिलीन ब्ल्यू वेगळ्या टबातच. फरशीवर सांडलं तर घरातले काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

नवे मासे याच टबात किमान दोन, जमलं तर चार आठवडे ठेवा. आपल्या दुकानातले रंगीत मासे बहुधा कोलकाता, चेन्नईकडून आलेले असतात, दोन-तीन दिवस पिशवीत, तिथल्या पाण्यातून थेट आपल्या जड पाण्यात. दुकानात निरोगी दिसलेला मासा घरी चौथ्या दिवशी रोग दाखवतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. टबाची जाळी वेगळी ठेवा, वापरून झाली की गच्चीवर कडक उन्हात वाळवा. आपल्याकडं ते औषध वर्षातले आठ महिने फुकट आहे. हातावर जखम असेल तर पाण्यात हात घालू नका, माशांच्या क्षयाचा एक जिवाणू माणसाच्या कातडीतही गाठी करतो.

ऋतू सांभाळा

इक आपल्याकडं उन्हाळ्यात कमी, दिवाळीनंतर जास्त. कारण सरळ आहे, मेमध्ये पाणी आपसूक ३० च्या वर असतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं रात्रीचा पारा १० च्या खाली जातो, दुपारी पुन्हा २८. या हेलकाव्यानं मासा खचतो. तेव्हा हीटर २५-२६ वर लावून ठेवा, मार्चपर्यंत हात लावू नका.

उन्हाळ्यात उलटं. पाणी ३४-३५ ला गेलं की ऑक्सिजन कमी आणि लोडशेडिंगमध्ये पंप बंद. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. पातळीही भराभर उतरते, आणि इथं आरओचं पाणी खरं कामाला येतं, कारण उडालंय ते पाणी, क्षार खालीच आहेत. बर्फ थेट टाकू नका, गोठवलेली बंद बाटली तरंगत सोडा. बॅटरीवरचा हवेचा पंप एक घेऊन ठेवा. तोही नसेल तर मगानं पाणी वर उचलून वीतभर उंचीवरून ओतत राहा, दर दहा मिनिटांनी वीसेक मग. एका मेमध्ये आम्ही घरातल्यांनी रात्री पाळ्या लावून हेच केलं होतं.

पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं आणि तुरटी-क्लोरीनचा डोस वाढतो. त्या आठवड्यात पाणी बदलायचंच नाही, खाणं निम्मं करायचं आणि ड्रममध्ये साठवलेल्यावर भागवायचं. ड्रमवर खडूनं पाणी भरल्याची तारीख लिहीत जा. पुढच्या वेळी फोन केलात की मी तीच विचारणार आहे.